बारा दिवसांत नाटक येत नाही, मग मुलीला शिबिराला घालायचं कशाला?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी यंदा सहावीत गेली. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी. घरी तोंडाला खंड नसतो, पण चारचौघांत गेली की मान खाली. बेळगावात त्यांच्या गल्लीतल्या वाचनालयात बारा दिवसांचं बालनाट्य शिबिर आहे, रोज सकाळी अडीच तास, शेवटच्या दिवशी छोटं नाटक. ताई लिहितात, ‘‘तिला काही नटी व्हायचं नाही. बारा दिवसांत असं होतंय तरी काय? जाऊबाई म्हणतात, त्यापेक्षा अबॅकसला घाला. तुम्ही इतकी वर्षं शिबिरं घेताय, खरं काय ते सांगा.’’

ताई, खरं सांगायचं तर बारा दिवसांत अभिनय येत नाही. आवाजाची फेक, शब्दांची शुद्धता, रंगमंचावर उभं राहण्याचं भान, ही वर्षांची कामं आहेत. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘व्यक्तिमत्त्व विकास’ लिहिलेलं असतं, त्याच्याकडेही बघू नका. मीही पूर्वी लिहायचो, कारण ते लिहिलं की आईवडील येतात. आणि ‘स्टेज डेअरिंग’ म्हणून जे म्हणतात, ते काही मुलांना येतं, काहींना येत नाही, आणि ज्यांना आलेलं दिसतं त्यांच्यातल्या निम्म्यांना ते आधीपासून असतं.

तरीही मी दर एप्रिल-मेमध्ये हेच करत आलोय. का, ते एका मुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय समजणार नाही.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर एका गावात शिबिर होतं. मराठी शाळेचा व्हरांडा, सव्वीस मुलं, मी आणि माझी एक सहकारी. त्यात एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा पहिले दोन दिवस खांबाला टेकून उभा. गोलात ये म्हटलं की एक पाऊल पुढे, पुन्हा दोन मागे. आम्ही त्याला ओढलं नाही. तिसऱ्या दिवशी गोष्टीत पाऊस आला. एका घरातून धान्य पाखडायचं सूप मागवून मी त्यात तांदूळ घोळवून दाखवत होतो. नाटकवाल्यांची ही जुनी युक्ती, सूप हळू फिरवलं की सरसर आवाज येतो. मुलं खूश. खांबाकडून आवाज आला, ‘‘असा नसतंय की वो पाऊस.’’

‘‘मग कसा?’’

तो आला, सूप माझ्या हातातून घेतलं, तांदूळ काढून टाकले आणि घरी पळाला. परत आला तो खिशात नाचणी आणि टॉवेलात न कांडलेला, टरफलासकटचा भात बांधून. नाचणीचे दाणे बारीक, तिचा आवाज मऊ. ती म्हणजे लांबून येणारा पाऊस. मग त्यात मूठ मूठ भात टाकत गेला, तसा पाऊस जवळ आला. शेवटी शाळेच्या पत्र्याच्या पेटीवर सगळं एकदम ओतलं. ‘‘आता कौलावर पडूलालाय,’’ म्हणाला, ‘‘आता बोललेलं ऐकू येत नाही.’’ त्या भागात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जुलैत घरात शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं.

नाटकात पाऊस त्यानेच केला. पंचवीस मिनिटांच्या नाटकात एक वाक्य बोलला नाही. पण कुठल्या प्रसंगात किती पाऊस हवा यावर तो मोठ्या मुलांशी भांडला, आणि त्याच्या इशाऱ्याशिवाय कुणाला पुढचं वाक्य बोलता येईना. दहाव्या दिवशी सातवीतली मुलगी त्याला विचारत होती, ‘‘मी कधी बोलू रे?’’

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. आपल्या हातात असलेली एखादी गोष्ट दुसऱ्यांना लागते, तिच्यावाचून सगळ्यांचं अडतं, हा अनुभव शाळेत सहसा मिळत नाही. शाळेत तुमचं उत्तर चुकलं तर तुमचे गुण जातात, शेजारच्याचं काही बिघडत नाही. नाटकात तुम्ही आला नाहीत तर पाऊस पडत नाही. आणि हा अनुभव यायला वर्ष लागत नाही, बारा दिवस पुरतात.

किंबहुना कमी दिवस आहेत म्हणूनच तो येतो असं माझं मत झालंय. वर्षभराचा वर्ग असला की तिसऱ्या महिन्यात मुलं ठरून जातात. ही चांगली बोलते, हा विनोदी, तो मागे उभा राहणारा. बारा दिवसांत कुणाला कुणाचा शिक्का मारायला फुरसत नसते. शेवट डोळ्यांसमोर दिसतो, हाताच्या बोटांवर मोजता येतो. दुसरं कारण अगदी साधं, पोटापाण्याचं आहे. वडगाव-शहापूरकडे ज्यांच्या घरात माग आहेत, तिथली मुलं कांड्या भरायला हाताखाली लागतात. निपाणीत आई विडी वळते किंवा तंबाखूच्या वखारीत जाते, तेव्हा धाकट्याला सांभाळायचं काम दहा वर्षांच्या मुलीकडे असतं. अशा घराकडे वर्षभर संध्याकाळी मूल मागितलं तर मिळत नाही. बारा दिवस मागितले तर आजी म्हणते, ‘‘जाऊ दे, एवढंच की.’’ निपाणीला एक मुलगी रोज भावाला कडेवर घेऊन यायची. त्याला कुठे ठेवणार? शेवटी गोष्टीतच एक बाळ घातलं. ते तालमीला रडायचं आणि प्रयोगाला बरोबर झोपलं.

(मागवाल्यांच्या घरातली मुलं एरवीही ठणाणा बोलतात, खटखटाटात वाढलेली असतात. आवाजाच्या फेकीचे धडे त्यांनीच मला द्यावेत.)

आता भाषेचं. आपल्याकडे शिबिर म्हटलं की हा प्रश्न येतोच, तोंडावर नाही तर मागून. मराठी की कन्नड? मराठी शाळा टिकायला हव्यात, मुलांनी चांगलं मराठी बोलावं, हे मला कुणी शिकवायला नको. मी शिबिर मराठीतच घेतो. पण खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी कुठेही जा, गोलात बसलेल्या पंचवीस मुलांत चार-पाच अशी असतात जी घरी कन्नड बोलतात, एक-दोन उर्दू, कोकणी बोलणारी असतात, आणि शहरात तर तुमच्या लेकीसारखी इंग्रजी शाळेतली मराठी मुलं, जी ‘एकोणसाठ’ म्हटलं की थांबून विचार करतात. या सगळ्यांना पहिल्याच दिवशी संवादाची वही दिली तर काय होईल ते उघड आहे. ज्याची पुस्तकी मराठी पक्की तो नायक, बाकीचे झाडं.

म्हणून पहिले चार दिवस वही नाही. खेळ. आरसा होणं, सगळ्यांनी मिळून एक यंत्र होणं, हातात नसलेला जड दगड एकाकडून दुसऱ्याकडे देणं. हे खेळ काही मी शोधलेले नाहीत. यातले पुष्कळसे अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन या बाईंनी घडवले. १९३९ ते १९४१ या काळात त्या शिकागोत सरकारी करमणूक प्रकल्पात काम करत होत्या, आणि समोर होती वेगवेगळ्या देशांतून आलेल्या गरीब घरांची मुलं, घरची भाषा निराळी, रस्त्यावरची निराळी. शब्द आड येतात म्हणून त्यांनी खेळ पुढे आणले. आज जगभरच्या नाट्यशाळा ते वापरतात. पण मूळ गरज आपल्यासारखीच होती, म्हणून ते बेळगावात चपखल बसतात.

आणि मुलं स्वतः भाषेचं काय करतात ते बघण्यासारखं असतं. एका नाटकात शेतकरी पावसाची वाट बघत बसलेले. तालमीत एक मुलगी घाईत घरच्या भाषेत ओरडली, ‘‘मळे बंतु!’’ म्हणजे पाऊस आला. आपल्याकडच्या मुलांना शाळेत कन्नड असतंच, कळलं सगळ्यांना. पण एका वात्रट पोराने उठून कपाळावर हात धरला आणि चारी दिशांना बघत विचारलं, ‘‘कुठं आले मळे? उसाचे की मिरचीचे?’’ सगळे लोळून हसले. ते वाक्य तसंच नाटकात राहिलं, आणि प्रयोगाला त्यावर जो हशा आला, तो दोन्ही भाषा येणाऱ्यांचा होता. असा विनोद पुण्यात सुचत नाही, बंगळूरलाही नाही.

ज्यांना ही सरमिसळ खुपते, त्यांना मी आपला इतिहास आठवून देतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मोजतो. त्या प्रयोगाला निमित्त झालं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांचं. ते पाहून सांगलीच्या पटवर्धन राजांनी तसं काही मराठीत करा म्हटलं. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, आजच्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्या सुळेभावीचा, आणि गोकाककडच्या कुलगोडातून श्रीकृष्ण पारिजाताचा कन्नड खेळ गावोगाव गेला. या मातीत नाटक कधी एका भाषेचं नव्हतंच. धारवाडच्या रंगायण या सरकारी नाट्यसंस्थेत उन्हाळ्यात ‘चिण्णर मेळा’ भरतो, मुलांचाच. कन्नडमधलं ते काम पाहून मी पुष्कळ शिकलोय, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता तुमच्या जाऊबाईंचा अबॅकस. नाटकाने गणित सुधारतं का? नाही. टोरोंटो विद्यापीठाच्या ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी पालकांना नेहमी सांगतो, कारण तो आमची बढाई थोडी उतरवतो. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. दोन गटांना संगीत शिकवलं (एकाला कीबोर्ड, एकाला गाणं), एकाला नाटक, आणि एकाला त्या वर्षी काहीच नाही. ३६ आठवड्यांनी मोजलं. संगीताच्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा किंचित जास्त वाढला, नाटकाच्या मुलांचा तसा नाही. पण लोकांशी वागण्या-बोलण्याची समज नाटकाच्या गटात सुधारली, इतरांत तशी दिसली नाही. आता यातला ३६ हा आकडा पुन्हा वाचा. बारा दिवसांच्या शिबिराच्या जाहिरातीत कुणी असल्या अभ्यासांचा दाखला दिला, तर त्याला विचारा की बाबा, उरलेले चौतीस आठवडे कुठे आहेत?

अडखळत बोलणाऱ्या मुलांबद्दल एक स्पष्ट सांगतो, कारण दरवर्षी दोन-तीन पालक त्या आशेने येतात. सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना अडखळणं पुष्कळ कमी होतं. हे खरं आहे, डोळ्यांनी दिसतं, आईला रडू येतं. पण समूहातून बाहेर आलं की ते बहुधा परत येतं. त्यावर उपचार वाचातज्ज्ञाकडे आहे, माझ्याकडे नाही. मी त्या मुलाला समूहगीतात घेतो, त्याचा आनंद त्याला मिळतो, बस्स.

शिबिर वाया कसं जातं, तेही मला चांगलं माहीत आहे. घालवलंय मीच. सुरुवातीच्या काळात बेळगावातच अकरा दिवसांत पाऊण तासाचं नाटक बसवायला घेतलं. राजा, प्रधान, दोन राक्षस, भाड्याचे कपडे, मोठं रंगमंदिर ठरलेलं. आयोजकांना पाहुणे बोलवायचे होते आणि मला टाळ्या हव्या होत्या, उगीच दुसऱ्यावर कशाला ढकलू? चौथ्या दिवसापासून मी ओरडायला लागलो. आठव्या दिवशी राणीचं काम करणारी मुलगी पोटात दुखतंय म्हणून आली नाही. नवव्या दिवशीही नाही. तिच्या घरी गेलो तर ती अंगणात भावंडांना गोळा करून तेच नाटक खेळत होती, हसत खिदळत, सगळ्यांची कामं स्वतः बदलून. मला पाहिल्यावर तिने पोट धरलं.

प्रयोग झाला. टाळ्याही पडल्या. त्या मुलांपैकी एकही पुढच्या वर्षी आलं नाही.

तेव्हापासून माझे नियम बदलले. नाटक वीस-पंचवीस मिनिटांचं. गोष्ट मुलांकडून येते, मी फक्त सांधे जोडतो. गावात गोष्टींना तोटा नसतो: अस्वल आलं होतं ती रात्र, बंद पडलेली एसटी, जत्रेत हरवलेली म्हातारी. प्रयोग देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या अंगणात, पडद्याला आयांच्या साड्या. गावातली माणसं त्यात आपोआप येतात. भजनी मंडळाचा मृदंगवाला दुसऱ्या दिवशी ‘सहज’ डोकावतो आणि सहाव्या दिवशी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर असतो. जत्रेच्या नाटकात तरुणपणी काम केलेले एखादे आजोबा फेटा कसा बांधायचा ते शिकवायला बसतात, आणि फेटा बाजूला राहून १९७२ च्या दुष्काळाची हकिगत निघते. पोरं आ वासून ऐकतात. घरातल्या नातवाने ती कधी विचारलेली नसते. प्रयोग शक्यतो सकाळी, कारण आपल्याकडे मेमध्ये दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. एकदा त्या पावसाने आमचं अर्धं नाटक वाहून नेलं. खरा पाऊस आल्यावर सूप घेऊन बसलेल्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तर तुमच्या वाचनालयातल्या शिबिराबद्दल. मी त्या मंडळींना ओळखत नाही, पण जाऊन बघा. किती मुलं आणि किती शिकवणारे ते विचारा. पंचवीसला दोन ठीक, चाळीसला एक असेल तर ती नुसती राखण आहे. मुलांसोबत सतत दोन मोठी माणसं असतात ना, पालकांना तालमीच्या वेळी मधेच डोकावता येतं ना, हेही विचारा, आणि विचारताना संकोच करू नका. जो शिक्षक याचा राग मानेल त्याच्याकडे मूल ठेवू नये. मग विचारा, कामं कधी वाटणार? पहिल्याच दिवशी वाटणार असतील तर तुमची मुलगी झाड होणार हे धरून चाला. शक्य झालं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीतून पाच मिनिटं बघा. शिक्षक जास्त बोलतोय की मुलं? एवढं पुरे.

आणि मग काही काम तुमचं आहे. शिबिरातून आली की ‘‘आज काय शिकलीस?’’ विचारू नका. खेळलेल्याला शिकलेलं सांगता येत नाही, ती ‘‘काही नाही’’ म्हणेल आणि तुम्हाला पैसे फुकट गेले वाटेल. पाहुणे आले की ‘‘तो डायलॉग म्हणून दाखव गं’’ हे तर अजिबात नको. बारा दिवसांत जे थोडंसं उघडलेलं असतं ते या एका वाक्याने मिटतं, मी पाहिलंय. ती स्वतःहून करेल. बहुतेक गणपतीत करेल. मेमधल्या शिबिराचं खरं फळ मला गणपतीत दिसतं, जेव्हा गल्लीतली पाच-सहा पोरं कुणी न सांगता मंडपामागे काहीतरी बसवत असतात आणि मोठ्यांना हाकलून लावतात.

लाजाळू मुलीला बोलकं करायचं, असं मनात धरून पाठवू नका, एवढं मात्र ऐका. काही मुली बारा दिवसांनंतरही तितक्याच कमी बोलतात. फरक इतकाच पडतो की आधी त्या गोलाबाहेर गप्प असतात, नंतर गोलात गप्प असतात. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे. तुम्हाला तो पुरेसा वाटत नसेल तर अबॅकसला घाला, त्यातही वाईट काही नाही.

घालायचं ठरवलंत तर दोन दिवस पाठवा, तिसऱ्या दिवशी सकाळी तिलाच विचारा. जाते म्हणाली तर जाऊ द्या. सोबत पाण्याची बाटली, मळले तरी चालतील असे कपडे, आणि घरात एखादं जुनं सूप माळ्यावर पडलं असेल तर तेही द्या. शिक्षकांना ते लागतंच, आणि शहरात आता मागून मिळत नाही.